एकच कॅमेरा आणि पृष्ठ ४१

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
साहित्य खरेदी शाखा, शिक्षण कार्यालय

मार्फत : मा. मुख्याध्यापिका, कर्णबधिर मुलांची निवासी शाळा

विषय : छायाचित्रण व चलचित्रण या दोन्ही कामांसाठी एकच कॅमेरा मिळणेबाबत, तसेच त्यातील कोणतेही काम न खोडण्याबाबत.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज, दि. ४ जानेवारी. २) तो परत आल्याचे आपले पत्र. ३) माझा दुसरा अर्ज, दि. ११ मार्च. ४) तोही परत आल्याचे आपले पत्र. ५) आपल्याकडून आलेला ट्रायपॉड.

महोदय,

मी वरील शाळेत कला शिक्षक असून, फोटो काढू शकणारा दुसरा कोणी नसल्याने गेली अकरा वर्षे तेही काम माझ्याकडे आहे. हा माझा तिसरा अर्ज. आधीचे दोन मी फार सभ्यपणे लिहिले आणि त्यांत खरी गोष्ट सांगितली नाही. ती या अर्जाच्या परिच्छेद ५ मध्ये आहे. आपणास वेळ कमी असल्यास आधी तोच वाचावा, ही विनंती.

१. आपल्या विहित नमुन्यातील रकाना ७ असा आहे : "कॅमेऱ्याचे प्रयोजन : छायाचित्रण / चलचित्रण (लागू नसेल ते खोडावे)." पहिल्या वेळी मी काहीच खोडले नाही. अर्ज "रकाना ७ अपूर्ण" अशा शेऱ्यासह परत आला. दुसऱ्या वेळी मी "छायाचित्रण" खोडले. तेव्हा कळवण्यात आले की, हातखुणांची हस्तपुस्तिका हे छापील काम असल्याने चलचित्रणाचा कॅमेरा अनुज्ञेय नाही. म्हणून मी समक्ष आलो. आपल्या खिडकीवरचे लिपिक सज्जन आहेत, त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचं नेमकं काय ते एकदा ठरवा. फोटो की व्हिडिओ? दोन्ही म्हटलं की फाईल दोन टेबलांवर जाते, आणि मग ती कुठल्याच टेबलावर सापडत नाही."

२. दरम्यान, कॅमेऱ्याचा निर्णय प्रलंबित असला तरी "संलग्न साहित्य" मंजूर झाले आणि एप्रिलमध्ये शाळेत एक ट्रायपॉड येऊन दाखल झाला. ट्रायपॉड उत्तम आहे. त्यावर ठेवण्यास काही नसल्याने सध्या शिपाई त्यावर छत्री अडकवतात. आपल्याला दोष देण्याचा हेतू नाही, परंतु हे तोंडाला पाने पुसण्यासारखे झाले, एवढे नम्रपणे नमूद करतो.

३. आपल्या दुसऱ्या पत्रात आणखी एक आक्षेप होता : "मागणीत मायक्रोफोनचा उल्लेख नाही, खुलासा करावा." खुलासा असा की, शाळा कर्णबधिर मुलांची आहे.

४. हातखुणेचा शब्द कसा असतो, हे इथे सांगणे भाग आहे. त्यात हाताचा आकार असतो आणि हाताची हालचाल असते. आकार बोटाबोटाने स्पष्ट लागतो, तो फोटोत मिळतो. हालचाल फोटोत मिळत नाही, कारण फोटो म्हणजे थांबलेला हात. शिवाय चेहरा लागतो. भुवया वर गेल्या की प्रश्न होतो, नाहीतर तेच साधे विधान. शाळेच्या जुन्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ घेतला तर तो सात मिनिटांत तापून बंद पडतो, आणि चालू असेपर्यंत कधी चेहरा स्पष्ट दाखवतो, कधी हात. उलट, मित्राच्या व्हिडिओ कॅमेऱ्यातून एकेक चित्र काढून पाहिले तर बोटे एकमेकांत मिसळून हाताची पळी होते.

कॅमेऱ्यांच्या दुकानात मी तीन दिवस उभा होतो. दुकानदाराने सहा कॅमेरे काढून दाखवले. अखेर तो म्हणाला, "सर, दोन्ही उत्तम करणारा शोधत बसलात तर म्हातारे व्हाल. दोन्ही चांगलं करणारे आहेत. तुम्ही फक्त सांगा, कशात थोडं कमी चालेल?" मी सरळ दुकानाबाहेर आलो. "चालेल" या शब्दाचे आणि माझे काय वाकडे आहे, ते पुढे येईल. दुसऱ्या दिवशी परत जाऊन मी कॅमेरा ठरवला. तो अर्धा तास सलग चालतो, चेहरा आणि हात दोन्ही धरून ठेवतो, फोटो नखापर्यंत स्वच्छ देतो, आणि त्याचा पडदा उलटा वळत असल्याने समोर बसलेल्या माणसाला स्वतःचे हात दिसतात. लांबचे टिपण्यात तो कमी आहे. आम्हाला पक्षी टिपायचे नसल्याने तेवढे चालेल.

५. आता खरी गोष्ट. चार वर्षांपूर्वी आपल्याच कार्यालयाने हातखुणांची हस्तपुस्तिका छापून पोस्ट, बँक, रुग्णालय अशा ठिकाणी ठेवली. तिच्यातले दोनशे सहा फोटो माझे आहेत. पृष्ठ ४१ वर दोन शब्द शेजारी शेजारी आहेत : "झालं" आणि "दुखतंय". दोन्ही खुणांत उघडा पंजा छातीशी धरतात. "झालं" म्हणताना तो एकदा बाहेर झटकतात. "दुखतंय" म्हणताना बोटे दोनदा मिटून उघडतात. थांबलेल्या हातात दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून मी वेगळे फोटो काढलेच नाहीत. एकच काढला आणि दोन्हीकडे लावला. छापखान्यातल्या माणसाने फोन करून विचारले होते, "हा फोटो दोनदा आलाय, चूक आहे का?" मी म्हणालो, "खाली शब्द लिहिलेत ना, चालेल."

आमच्याकडे प्रत्येकाला नावाची खूण असते. बारा वर्षांच्या एका मुलीची खूण म्हणजे गालावर टेकवलेले बोट, म्हणून बोलताना आम्ही तिला खळी म्हणतो. गेल्या नोव्हेंबरात एका दुपारी तिच्या पोटात दुखू लागले. वसतिगृहाच्या अधीक्षिका नुकत्याच रुजू झाल्या होत्या, त्यांना खुणा येत नव्हत्या. त्या तिला घेऊन रुग्णालयात गेल्या. तिथे टेबलावर पुस्तिका होती. परिचारिकेने पोट दाबून पाहिले आणि "आता कसं वाटतंय?" असे विचारण्यासाठी भुवया उंचावल्या. खळीने छातीशी पंजा धरला. परिचारिकेने पाने उलटली, पृष्ठ ४१ वर पहिलेच चित्र तिला जुळलेले दिसले आणि तिला हायसे वाटले. नंतर ती मला स्वतः म्हणाली, "पोरगी सहा वेळा तेच करत होती हो. आणि मी दर वेळी मान डोलावून सांगतेय, झालं ना, झालं, कळलं मला." तिने बाटलीभर औषध देऊन खळीला परत पाठवले. दुसऱ्या दिवशी आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, फुटले.

परिचारिकेची चूक नाही. तिने पुस्तक उघडले, तेवढेही कोणी करत नाही. अधीक्षिकांची चूक नाही. खळी वाचली, तिच्या पोटावर वीतभर व्रण आहे. परत आल्यावर तिने ती खूण बदलली. आता ती "दुखतंय" दोन्ही हातांनी करते, चेहऱ्यासमोर धरून, कुणाचा म्हणून गैरसमज होऊ नये अशी. लहान मुलांनी ती उचललीही आहे. गुडघा खरचटला तरी दोन्ही हात वर येतात. ती माझ्यावर रागावलेली नाही. तासाला पहिल्या बाकावर बसते आणि चित्र दाखवायला आधी माझ्याकडेच येते. हेच मला सोसत नाही.

६. पुस्तिका नव्याने, प्रत्येक शब्दाच्या व्हिडिओसह करायची तर खुणा ज्यांच्याकडून घ्यायच्या, त्या शाळेतील सर्वांत जुन्या शिक्षिका आहेत. आम्ही त्यांना थोरल्या बाई म्हणतो. त्या स्वतः कर्णबधिर असून या शाळेच्या खुणा ज्यांनी घडवल्या, त्यांच्याकडून त्या लहानपणी शिकल्या. दुसरे कोणी आता उरलेले नाही. गेल्या वर्षापासून त्यांच्या उजव्या हाताला कंप आहे. डॉक्टरांनी तो वाढत जाईल असे सांगितले आहे. त्या सलग दहा मिनिटे बसू शकतात. फोटोचा कॅमेरा काढून व्हिडिओचा लावेपर्यंत हात खाली येतो, आणि पुन्हा उचलला की तसाच येत नाही. दोन कॅमेरे का नकोत, याचे उत्तर हे आहे.

बालवर्गातली मुले हल्ली "पाणी" ही खूण हात थरथरवत करतात. बाईंनी तशी दाखवली, म्हणून त्यांना तो शब्दच तसा वाटतो. मी हसून ते बाईंना सांगितले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात धरून ठेवला आणि मग तो मोकळा सोडून त्या मला खुणेने म्हणाल्या, "लवकर कर. नाहीतर मुलं माझा आजार शिकतील." ही गोष्ट मार्चमधली आहे. तेव्हा आपले दुसरे पत्र यायचे होते. आज त्यांच्या हातातला शब्द कुठला आणि कंप कुठला, हे मला अजून ओळखता येते. कर्जदारासारखी मुदत मागत बसायची ही गोष्ट नाही. पुढच्या वर्षी मलाही ते ओळखता येणार नाही.

७. सबब विनंती की,

(अ) सोबत वर्णन दिलेला एक कॅमेरा शाळेस तातडीने द्यावा. तो येईपर्यंत आठवड्यातून एक दिवस कुठल्याही खात्याचा वापरायला मिळाला तरी मी स्वतः येऊन नेईन व त्याच संध्याकाळी परत करीन.

(ब) रकाना ७ मध्ये मी या वेळीही काही खोडलेले नाही. दोन्ही लागू आहेत. तो अपूर्ण समजू नये.

(क) पुस्तिकेच्या सर्व प्रतींतून पृष्ठ ४१ आज काढून टाकण्याचा आदेश द्यावा. याबाबत खिडकीवर चौकशी केली असता सांगण्यात आले की, पुस्तिका जडवस्तू नोंदवहीत चढलेली आहे, पान फाडल्यास ती अपूर्ण ठरते आणि जबाबदारी फाडणाऱ्यावर येते. जबाबदारी कोणाची, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कळावे. उत्तर "हो" किंवा "नाही" असे एका शब्दात आले तरी पुरे.

आपला नम्र,
पृष्ठ ४१ चा छायाचित्रकार,
(सही)
कला शिक्षक

दिनांक : ९ जून

सोबत :
१. विहित नमुना, रकाना ७ सह, न खोडलेला.
२. कॅमेऱ्याचे वर्णन, एक पान.
३. थोरल्या बाईंचे वैद्यकीय प्रमाणपत्र, त्यांच्या संमतीने.
४. हस्तपुस्तिकेचे पृष्ठ ४१, मूळ पान. रुग्णालयातील टेबलावरच्या प्रतीतून आज सकाळी मी फाडले. परिचारिकेने पुस्तक धरून ठेवले होते. इतर प्रती कुठे कुठे आहेत, त्याची यादी आपल्या कार्यालयात आहे.