कमी साखरेचा कोको

प्रिय कंपाउंडरबाई,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला, पण तुला दुसरं काही लिहायची सवयच नाही. मी तुझे फोन उचलत नाहीये, हे एव्हाना तुझ्या ध्यानात आलं असेल. उचलला की तू रडतेस, तू रडलीस की मी विरघळते, आणि बोलायचं ते राहून जातं. शाळेच्या बाकावर बसत होतो तेव्हापासून हेच चाललंय आपलं. म्हणून पत्र. यात तुला मध्येच हुंदका देता येणार नाही.

हिवाळ्याच्या सुट्टीचं खूळ तुझंच. तू, मी आणि मास्तरीण, तिघींनी टेकडीवरचं ते लाकडी घर भाड्याने घ्यायचं, आठवडाभर भरपूर चालायचं, वेळेवर जेवायचं आणि प्रत्येकीने आपली एक वाईट सवय तिथेच टाकून यायची. नियमही तुझाच. जिची सवय तिच्या हाती ठेवायची नाही, दुसरीने राखायची. मास्तरणीचा मोबाइल माझ्याकडे, तुझे चिप्सचे पुडे मास्तरणीकडे आणि माझ्या झोपेच्या गोळ्या तुझ्याकडे. औषधांच्या दुकानात अर्धं आयुष्य काढलेली तू, तुझ्यापेक्षा भरवशाची राखणदार मला कुठे मिळणार होती? पोचलो त्याच संध्याकाळी मी गोळ्यांचं पाकीट तुझ्या हातात ठेवलं. तू स्वयंपाकघरात गेलीस, नळ सोडल्याचा आवाज आला, आणि पदराला हात पुसत बाहेर येऊन म्हणालीस की सगळ्या वाहून टाकल्या, गेली एकदाची ब्याद.

आमचे हे गेल्यापासून गोळीशिवाय माझा डोळा लागत नव्हता, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. गोळीने सकाळी डोकं जड राहायचं, म्हणून मालकांनी शाळेच्या व्हॅनची सकाळची फेरी माझ्याकडून काढून घेतली होती. दुपारी पोरं घरी सोडायची तेवढं काम उरलं होतं. तुला सांगते, दुपारची पोरं म्हणजे नुसता गोंगाट. माझा जीव सकाळच्या पोरांवर. अर्धवट विंचरलेले केस, तोंडात अजून घास, आणि माझ्या सीटमागे बसून रोज तोच पाढा चुकणारी ती चिमुरडी. ती फेरी परत मिळवायची, एवढ्याचसाठी मी त्या थंडीत आले होते. टेकड्या चढायची हौस मला कधी नव्हती.

पहिली रात्र मी तळमळून काढली. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तू कोको केलास, आणि माझा कान तुटलेला निळा मग स्वतः आणून दिलास. कडू लागतोय म्हटलं, तर म्हणालीस, साखर कमी घातलीय, आपण इथे तब्येत कमवायला आलोय. पटलं की मला! रोज रात्री तो कडू कोको मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि रोज मेल्यासारखी झोपले. सकाळी व्हरांड्यात लोकरीची टोपी घालून मी नाचले, आठवतं? मास्तरणीने टाळ्या वाजवल्या. तू मला मिठी मारलीस आणि तुझे डोळे भरून आले. मला वाटलं, आनंदाने. सकाळी डोकं जड वाटायचं, तेही मी थंडीवर ढकललं. केवढी बावळट गं मी!

आणि माझी राखण कशी होती? मास्तरीण मोबाइलसाठी अक्षरशः गुडघ्यावर आली, लेकीची खुशाली विचारायचीय म्हणून गळा काढला. मी माझ्या फोनवरून लेकीशी बोलणं करून दिलं, पण तिचा मोबाइल काही दिला नाही. माझ्या मोज्यात दडवला होता तो. मास्तरीण अजून त्या मोज्यावरून मला चिडवते.

परत आल्यावर मी मालकांना ठणकावून सांगितलं की मी सुटले, माझी फेरी मला द्या. त्यांनी दिली. गॅरेजमधल्या सगळ्यांना मी संत्री वाटली. आणि त्याच रात्रीपासून झोप गायब. वाटलं, जागा बदलली म्हणून असेल. तुझ्यासारखा कोको करून पाहिला, कमी साखर घालून. छताकडे बघत पडून राहिले. तुला सांगायला फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. तू एवढी खपलीस आणि मी ते घरी येताच घालवलं, हे कुठल्या तोंडाने सांगू? माझीच मला लाज वाटत होती. तुझ्यापुढे मला लाज वाटत होती, कळतंय का तुला?

मग ते झालं. शाळेच्या फाटकाशी वळताना माझी पापणी मिटली आणि व्हॅन खांबावर गेली. वेग नव्हता म्हणून निभावलं. पाढा म्हणणाऱ्या चिमुरडीचा ओठ फाटला, टाके पडले. तिच्या आईने तिला माझ्याजवळून उचलून नेलं. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हल्ली मी गॅरेजमध्ये गाड्या धुते. स्टिअरिंगला हात लावते तो फक्त पुसायला.

मास्तरीण मला बघायला आली आणि भोळेपणाने म्हणाली, अगं, कंपाउंडर तुझ्या कोकोत कॅल्शियमची गोळी चमच्याने चुरून घालायची, ती चालू ठेव, तिनेच झोप येत असेल. कॅल्शियम कसलं, ती माझीच झोपेची गोळी! तिला बिचारीला अजून काही ठाऊक नाही. मी तुला फोन केला, तर म्हणालीस, तुझे हाल बघवेनात मला. पण बये, हाल झाले ते रात्री. पाकीट तू लपवलंस ते त्याआधी, संध्याकाळी! म्हणजे मला हे जमणारच नाही, हे तू आधीच ठरवून टाकलं होतंस. दगा म्हणतात याला. गोळी एकदम तोडायची नसते, हळूहळू उतरवायची, हे तुला दुकानात बसून पाठ असणार. तोंडावर सांगितलं असतंस, तर मुकाट ऐकलं असतं मी. अर्धी दिली असतीस, तर अर्धी घेतली असती. पण मी जिंकले असं तू मला खोटंच सांगितलंस आणि त्या खोट्यावर मी पोरं भरलेली गाडी बाहेर काढली.

आता हे सगळं आजच का लिहितेय, ते सांगते. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू करून आधी अर्धी केली, मग पाव केली, आणि गेल्या आठवड्यात बंद केली. काल रात्री मी झोपले. काहीही न घेता, सकाळपर्यंत. उजाडल्यावर आनंदाने ओरडावंसं वाटलं, आणि सांगावंसं वाटलं ते फक्त तुला. फोन उचललाही होता. तेवढ्यात उशाशी रात्रीचा दुधाचा पेला दिसला. मीच तापवलेलं दूध, माझ्याच हाताने ओतलेलं, घरात दुसरं कुणी नाही. तरी मी आधी तो पेला उचलला, वास घेतला आणि तळाशी बोट फिरवून पाहिलं.

‘तुझीच’ लिहायला अजून वेळ लागेल.

सारथी