दोन बेडूक आणि पुढची खुर्ची

मी, व्हर्लन टॅकेट, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार बेक्स लँडिंग, सॉरल तलावाचा उत्तर काठ, टेनेसी, असे लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज पडत नाही असं वकीलबाई मिसेस पेटस म्हणाल्या. पन्नास वर्षं मी या तलावावर पाहुण्यांना बास मासा धरायला नेलं आणि हिवाळ्यात शेडमध्ये बसून लाकडाची आमिषं कोरली. कोणी मला धाक घालून किंवा पाजून हे लिहून घेतलेलं नाही. डॉक्टर म्हणतो जूनमधला उन्हाळा दिसेल. मला काठावरचं डॉगवुडचं झाड फुललेलं दिसलं तरी पुरे आहे, कारण डॉगवुड फुललं की बास अंडी घालायला काठाशी येतो. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी शेडमधल्या शेगडीत घातलं आहे, ते रद्द समजावं.

कलम पहिले. माझी पत्नी ओनीडा २००४ साली वारली. मला वारस एकच, मुलगी डार्ला, वय बावन्न, राहणार लिटल रॉक, आर्कान्सा. अठ्ठावीस वर्षांत माझं तिच्याशी बोलणं झालेलं नाही. दोष माझा आहे. हे सुरुवातीलाच लिहितो, म्हणजे पुढे कुठे मी स्वतःची बाजू मांडताना दिसलो तर कोणी भुलू नये.

कलम दुसरे, गळाच्या काठ्या. एकूण अकरा आहेत, शेडच्या उत्तर भिंतीवर. त्यांतल्या आठ माझ्या बहिणीचा मुलगा लमार याला द्याव्यात. लमारच्या नौकेवर पाण्याखालचा मासा दाखवणारे दोन पडदे आहेत आणि तो पाण्याकडे न बघता त्या पडद्यांकडे बघतो. त्याच्यासाठी लिहितो. गढूळ पाण्यात काळं नाहीतर जांभळं रबरी गांडूळ वापरावं, निवळ पाण्यात फिकं. पाणी गार असेल तर आमिष इतकं सावकाश ओढावं की स्वतःलाच कंटाळा यावा. लाकडी मासा ओढायचा तो मऊ, वाकणाऱ्या काठीने, कारण ताठ काठीने गळ माशाच्या तोंडातून फाटून येतो. हे मी त्याला वीस वर्षं सांगितलं आणि त्याने ऐकलं नाही. आता वकिलासमोर वाचून दाखवतील तेव्हा ऐकावं लागेल.

माझा मित्र डेलबर्ट क्रौच याला मी काही ठेवत नाही. त्याला वाईट वाटू नये म्हणून कारण देतो. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकीलबाईंचं म्हणणं पडलं. मी त्याला विचारलं, "काठी हवी की सही करतोस?"

"काठ्या तुझ्या सगळ्या वाकड्या," तो म्हणाला. "सही करतो. पण लेका, वर बायबलवर हात ठेवून 'याचं डोकं ठिकाणावर आहे' असं म्हणायला लावू नकोस म्हणजे झालं."

१९७८ साली हाच डेलबर्ट माझ्या सगळ्यात चांगल्या मऊ काठीवर बसला आणि ती मोडली. ते मी केव्हाच माफ केलं आहे, फक्त इथे नमूद करतो, म्हणजे दप्तरी राहील.

कलम तिसरे. बँकेत जे असेल त्यातून मला ओनीडाशेजारी पुरावं. उरेल ते घराच्या छपराला आणि विजेच्या बिलाला ठेवावं. छपराला का, ते शेवटच्या कलमात येईल.

कलम चौथे. उरलेल्या तीन काठ्यांपैकी एक ओनीडाची, मऊ, तिच्या मुठीला तिने जुन्या परकराची पट्टी गुंडाळलेली. दुसरी माझी ताठ काठी, पाणवेलींत रबरी बेडूक टाकायची. तिसरी साडेपाच फुटांची, सहा वर्षांच्या मुलीच्या हाताला बेतलेली. तिन्ही डार्लाच्या आहेत. आता या ताठ काठीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

रबरी बेडूक पाणवेलींच्या गालिच्यावर टाकतात आणि टुणटुण उड्या मारायला लावत आणतात. बास खालून येतो आणि वेल फाडून त्याच्यावर असा फुटतो की भल्याभल्यांचं काळीज उडतं. त्या क्षणी माणूस काठी ओढतो आणि तिथेच चुकतो. माशाने बेडूक अजून नीट धरलेला नसतो, नुसता आवाज झालेला असतो. थांबायचं असतं. दोर जड झाला की मगच ओढायचं. डार्ला सहा वर्षांची असताना मी तिला शिकवलं, मोठ्याने मोजायचं, "एक बेडूक, दोन बेडूक," आणि मग ओढायचं. ती इतक्या जोरात मोजायची की पलीकडच्या नौकेतून डेलबर्ट ओरडायचा, "ए पोरी, तीन बेडूक माझ्याकडे पाठव गं!" मी जन्मभर पाहुण्यांना हेच शिकवलं. मला स्वतःला ते क्वचितच जमलं.

१९९१ च्या मे महिन्यात, ती चोवीस वर्षांची असताना, मी तिला पहिल्यांदा नौकेतल्या पुढच्या खुर्चीवर बसवलं. आमच्याकडे पुढची खुर्ची म्हणजे पुढची खुर्ची. तिच्यावर बसेल तो नौका चालवतो, प्रत्येक झुडपावर पहिला गळ त्याचा पडतो, मागच्याने उरलंसुरलं घ्यायचं. अठरा वर्षं ती मागे बसली होती. त्या दिवशी मी मागे होतो. तिचं तेव्हा रॉय नावाच्या, मेम्फिसच्या गोदामात काम करणाऱ्या मुलाशी लग्न ठरत आलं होतं आणि तो मला डोळ्यांसमोर नको होता.

ती न वळता म्हणाली, "डॅडी, मी आणि रॉयने एक ठरवलंय. तू चिडू नकोस, आधी ऐक."

मी ऐकलं नाही. मी म्हणालो, "काय ठरवायचंय? जाणार, दुसरं काय! जा की. त्या खोकी उचलणाऱ्याच्या मागे जा, आणि पोट घेऊन परत आलीस तर हे दार तुला उघडणार नाही." याहून वाईटही बोललो. ते कागदावर घालत नाही, तिच्या लक्षात असणारच.

बोलता बोलता माझ्या बेडकावर मासा फुटला. मी तोंड चालूच ठेवून काठी ओढली. बेडूक उडून माझ्याच टोपीवर आपटला आणि मासा गेला.

डार्ला म्हणाली, "डॅडी, दोन बेडूक तरी मोजायचेस."

एवढंच बोलली. दोर गुंडाळला, नौका काठाला लावली आणि त्याच संध्याकाळी गेली. मी तेरा वर्षं समजत होतो की एवढं सगळं झाल्यावरही पोरीने मला सुटलेल्या माशावरून टोमणा मारला. त्या टोमण्याचा राग मी जपून ठेवला. दर रविवारी चर्चहून आल्यावर ओनीडा तिला फोन करायची तेव्हा मी शेडमध्ये जाऊन लाकूड तासत बसायचो.

ओनीडाने जाण्याआधी आठ दिवस मला खरं सांगितलं. डार्लाने तिला शपथ घातली होती, म्हणून ती इतकी वर्षं गप्प होती. त्या दोघांनी जायचं ठरवलंच नव्हतं. रॉय गोदाम सोडून इथे येणार होता, आणि डार्ला माझ्याबरोबर शेडमध्ये बसणार होती. मी कोरायचं, तिने रंगवायचं. मला वाटलं, मरताना ओनीडा माझं मन राखते आहे. पण रंगाच्या डब्यांमागे, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी निघाली. देवदाराची फळी, पांढरी अक्षरं, 'टॅकेट आणि मुलगी, हाती केलेली आमिषं'. शेवटच्या अक्षराचा रंग अर्धाच भरलेला आहे.

ओनीडाच्या दफनाला डार्ला आली होती. शेवटच्या बाकावर बसली. मी म्हटलं, जेवणं होऊ देत, मग बोलू. काय बोलायचं ते मनाशी जुळवत राहिलो, आणि जेवणाआधीच ती निघून गेली. बास धरताना चुका दोनच होतात, घाई आणि उशीर. माझ्याकडून एकाच माणसाच्या बाबतीत दोन्ही झाल्या.

त्यानंतर मी तिला तीन पत्रं लिहिली. तिन्ही वेळा पोस्टात गेलो, तिकीट लावलं आणि पाकीट परत घेऊन आलो. पोस्टातल्या अर्मा स्टबलफील्डबाई तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, "व्हर्लन, अरे तिकिटाचे पैसे दिलेस, आता हातातून सोड तरी!" सुटलं नाही. ती पत्रं आमिषांच्या पेटीत तळाशी आहेत. तीही डार्लाची.

कलम पाचवे आणि शेवटचे. घर, शेड, धक्का, नौका आणि नौकेतली पुढची खुर्ची डार्लाला द्यावी. त्या खुर्चीवर १९९१ नंतर कोणी बसलेलं नाही. पाहुण्यांना मी खुर्ची मोडकी आहे असं सांगत आलो. पाटी कोणी भिंतीवर लावू नये आणि तिचं अर्धं अक्षरही कोणी पुरं करू नये. लावायची, पुरी करायची की शेगडीत घालायची, ते ती ठरवेल.

वकीलबाई म्हणाल्या, "मुदत घाला. नव्वद दिवसांत तिने उत्तर दिलं नाही तर मालमत्ता पुतण्या-भाच्यांकडे जाते असं लिहायची पद्धत आहे."

मी म्हटलं, "मुदत नको."

"कायद्याला इतकं थांबता येत नाही, मिस्टर टॅकेट. काहीतरी आकडा सांगा."

म्हणून दहा वर्षं लिहितो. दहा वर्षं छप्पर गळू देऊ नये, वीज तोडू नये आणि डार्लाला कोणी फोन करून घाई करू नये, लमारने तर नाहीच. डार्ला, मला दोन आकडे मोजता आले नाहीत. तू सावकाश मोज. नाही आलीस तरी माझी तक्रार नाही.

ठिकाण : बेक्स लँडिंग, टेनेसी
तारीख : ९ एप्रिल २०१९

(सही) व्हर्लन टॅकेट

साक्षीदार पहिली : अर्मा स्टबलफील्ड. हे पाकीट मी स्वतः कोर्टात नेऊन देणार आहे. त्याच्या हातात परत देणार नाही.

साक्षीदार दुसरा : डेलबर्ट क्रौच. मिस्टर टॅकेट यांनी आमच्या समक्ष सही केली. पेन कागदाला टेकवून ते थांबले, मोठ्याने दोन बेडूक मोजले आणि मग सही केली. काठी मीच मोडली होती, हेही खरं आहे.