गल्लीतली काळी वाळू

प्रिय आत्ती,

‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं होतं, पण पेन अडलं. ‘मला कशाला देवळात बशिवतीस गं?’ असं तुम्ही म्हणाला असता. तेव्हा प्रियच बरं. आणि आत्ती हा शब्द तरी कुठं इथला? तो माझ्या गडहिंग्लजचा. लग्न होऊन आले तेव्हा गल्लीतल्या सगळ्या सुना सासूला आत्याबाई म्हणायच्या. माझ्या तोंडून माहेरच्या सवयीनं आत्ती निघालं आणि बायका पदराआड हसल्या. तुम्ही म्हणालात, “ऱ्हाऊ दे. हाक ऐकू आली म्हंजे झालं की!”

तुम्हाला वाचता येत नव्हतं. गारगोटीहून तुमच्या भावाचं कार्ड आलं की तुम्ही तांदूळ निवडत बसायचा आणि मी ते वाचून दाखवायची. म्हणून हे पत्रही मी लिहिता लिहिता मोठ्यानं वाचतेय. तुमची नात उज्ज्वला दारातून डोकावून विचारून गेली, “आई, एकटीच काय बोलतीस?”

आजच का लिहितेय, ते सांगते. आज सकाळी आपली गल्ली खणायला घेतली. घरोघरी नळ येणार, आत्ती! आपल्या मोरीत, आपल्या हंड्यावर! पहारीनं डांबर उकललं, त्याखालची खडी निघाली आणि खडीच्या खाली, तुम्ही ओळखलंच असेल, काळी वाळू. मुकादम बुचकळ्यात पडला. “वैनी, हितं पूर्वी कोळशाची वखार हुती काय?” मला हसू फुटलं ते थांबेना, आणि हसता हसताच डोळ्यांना पदर लावावा लागला. त्या बिचाऱ्याला वाटलं असणार, बाईचं काहीतरी बिनसलंय. त्याला काय सांगू? वाळूचं सांगायचं तर तुमचं सांगायला हवं, आणि तुमचं काय रस्त्यावर उभं राहून सांगून संपतं?

म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं मी ते कधी बोललेच नाही.

मी या घरात आले तेच पडत्या काळात. त्याआधी म्हणे गल्लीत दिवसा पुरुष दिसायचा नाही. जो तो फाउंड्रीत, नाहीतर लेथवर. मामंजी ओतकामाचे वाळूचे साचे करायचे, तुमचा लेक मशीनशॉपला. आपल्या इथल्या ऑइल इंजिनांवर कुठंकुठल्या विहिरींचं पाणी उपसलं जायचं! मग खेडोपाडी वीज गेली, विजेच्या मोटारी आल्या आणि इंजिनं पडून राहायला लागली. तिकडं उजेड पडला आणि आमच्या भट्ट्या थंडावल्या. वाईट तरी कुणाला म्हणायचं? माझ्या माहेरच्या विहिरीवरही मोटारच बसली होती. हे मी सासरी कळू दिलं नव्हतं हं!

आणि आपली ती गल्ली! गटार नाही, फरशी नाही, मोठ्या रस्त्यापासून खोलगट. पाऊस लागला की आत चिखल आणि नळ मात्र बाहेर गल्लीच्या तोंडाशी. भरलेली घागर डोक्यावर घेऊन त्या चिखलातून यायचं म्हणजे तारेवरची कसरत. रिक्षावाले तर आमच्या गल्लीचं नाव काढलं की हँडल फिरवायचे. पुरुषांनी अर्ज केले, पुन्हा अर्ज केले. उत्तर एकच, “बघू.”

त्या श्रावणात मी पडले. चौथा महिना होता. घागर फुटली नाही, तांब्याची होती. बाकी सगळं गेलं.

मी भिंतीकडं तोंड करून पडून होते. बाहेर तुमची जाऊ बोलली, आणि मला ऐकू जावं असंच बोलली, “पोरीचा पायगुण काय बरा दिसंना बाई. ही आली आन् फौंड्री बशली. आता ह्ये.”

आत्ती, त्या घटकेला माझं सगळं आयुष्य तुमच्या तोंडाकडं लागलं होतं. सासूनं नुसता सुस्कारा टाकला असता तरी मी त्या घरात जन्माची पांढऱ्या पायाची झाले असते. तुम्ही भाकरी थापत होता. थापणं थांबवलंसुद्धा नाहीत.

“पोरीचा पाय बरा हाय. वाट वाईट हाय. पाय काय बघत बसलाईसा? वाट नीट करा.”

एवढंच. पण तुम्ही ते बोललात आणि सोडून दिलंत असं झालं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही तालमीच्या कट्ट्यावर जाऊन उभ्या राहिलात. तिथं बायका जात नसत, तर तुम्ही गेलात! भट्टी आठवड्यातून एकदा पेटायची, त्यामुळं सगळे कारागीर तिथंच बसलेले. “बसून बसून कट्टा झिजला की रं. आता जरा हात झिजवा!” मामंजी शरमेनं लाल झाले होते, असं तुमचा लेक मला नंतर सांगत होता.

पावसाळा सरला आणि काम सुरू झालं. रस्ता भरायला माती आणायची कुठून, यावर कट्ट्यावर चर्चा झडली. तेव्हा मामंजींनी मिशीवरून हात फिरवला. “माती कशाला? आपल्या फौंड्रीमागं वाळूचा ढीग पडलाय. साचा उकळतं लोखंड सोसतोय, आन् तुमच्या पायांचं काय घिऊन बसलाईसा?” सगळ्यांना पटलं. गल्ली होतीच सगळी भट्टीवाल्यांची. हातगाड्या लागल्या. ती जळकी काळी वाळू पसरली, तिच्यावर पाणी शिंपडलं, धुमसांनी ठोकली. काय दिसत होती गल्ली! सारवलेल्या अंगणासारखी. मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून चालायला लावायचे.

त्या वाळूत चिकणमाती मिसळलेली असते. थोडं पाणी मारलं की ती घट्ट धरते, म्हणून तर तिचा साचा होतो. हे गल्लीतल्या लहान पोरालाही माहीत. पण फार पाणी पडलं तर तिचं काय होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण फाउंड्रीच्या छपराखाली कधी पाऊस पडलाच नव्हता!

वळवाच्या एका सरीत रस्त्याचं लोणी झालं. काळं लोणी. आणि त्यात पहिले आडवे झाले ते मामंजी, पांढरंशुभ्र धोतर नेसून, लग्नाला निघालेले. सगळी गल्ली दारात. हसायचं कुणी? शेवटी तुम्ही पुढं झालात, त्यांना हात देऊन उठवलंत, ते पडले होते तिथं वाकून बघितलंत. पाठीचा, कोपराचा, पागोट्याचा ठसा स्वच्छ उठला होता.

“साचा झकास झालाय की! आता लोखंड वता, म्हंजे दुसरा म्हातारा तयार!”

आत्ती, मी पडल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा हसले. मामंजींनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी तेच कट्ट्यावर स्वतःची नक्कल करून दाखवत होते. आपली माणसं अशीच. चुकतील तीसुद्धा वाजतगाजत.

पण हसू ओसरलं आणि माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. कारण मला परत दिवस गेले होते, आणि गल्ली आता आधीपेक्षा निसरडी होती.  सकाळी मी उठायच्या आत तुम्ही माझी घागर घेऊन नळावर गेलात. रोज. गुडघे दुखत असताना! भिंतीला हात लावत, पाय चाचपत यायचा. मी एकदा म्हटलं, “आत्ती, लोक काय म्हणतील? सून घरात आणि सासू पाण्याला?” तुम्ही म्हणालात, “लोकांला तहान लागली की तीबी नळावर येतील. बस गप.”

आणि मग आषाढात तुम्ही ते केलंत. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

आषाढात पंचगंगेचं नवं पाणी घागरीत भरून टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचं, ही गल्लोगल्लीची जत्रा. पोरी घागरी घेणार, पुढं पिपाणी-ढोलाचं पी-ढबाक वाजणार. त्या वर्षी तुम्ही काखेत नारळ मारला आणि थेट रस्त्यांचं काम बघणाऱ्या साहेबांच्या कचेरीत गेलात. अर्ज नाही, तक्रार नाही. मला सोबत नेलं नाहीत, पण सगळं येऊन साभिनय सांगितलंत. “म्या म्हटलं, सायेब, तुमी गारगोटीचं म्हणं. माझंबी म्हायेर तिकडलंच. म्हंजे पावणंच की! आमच्या गल्लीच्या पयल्या घागरीची पूजा तुमच्या हातनं व्हायला पायजे.” आता माहेरच्या बाईनं दिलेला नारळ कोण नाकारणार?

साहेब आले. भले गृहस्थ, इस्त्रीची पँट. गल्लीच्या तोंडाशी तुम्ही हात जोडून उभ्या. “पायतान हितंच ऱ्हाऊ द्या पावणं. देवीचं पाणी हाय.” रीतच ती! त्यांनी बूट काढले, पँट दुमडली आणि पाऊल टाकलं ते घोट्यापर्यंत आत गेलं. दुसरं टाकलं आणि घसरले. तुम्ही दंड धरलात.

“सांबाळून पावणं. हितंच माझी सून पडली.”

पी-ढबाक वाजायचं थांबलं.  मी उंबऱ्यात उभी होते. माझ्या त्या पडण्याबद्दल तोवर चारचौघांत कुणी बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही. ते जणू माझंच काही झाकून ठेवण्यासारखं होतं. तुम्ही ते भर रस्त्यात, वाजंत्र्यांसमोर, साहेबासमोर मोठ्यानं बोललात आणि माझी लाज तिथंच गळून पडली. मी का मान खाली घालू? मान खाली घालायची असेल तर त्या रस्त्यानं घालावी! मला वाटतं, मी तेव्हा पहिल्यांदा तुमच्याकडं सरळ बघितलं.

साहेबांनी आपल्या काळ्या पायांकडं बघितलं. मग म्हणाले, “मावशी, डांबराचं मला वरनं मंजूर करून आणावं लागंल, त्याला येळ लागंल. पण खडी आन् रोलर देतो.”

“द्या तर. हात आमचं हाइत की!”

पूजा त्यांनी त्याच पायांनी केली. खडी खरंच आली. तिच्यात आमच्या लोकांनी भट्टीतला दगडासारखा खंगर फोडून घातला, या खेपेला मामंजींना न विचारता. डांबर यायला पुढं काही वर्षं गेली, पण दिवाळीनंतर माझ्या पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा रिक्षा आपल्या दारात उभी होती. दारात, आत्ती! आणि तुम्ही आत बसायचं सोडून रिक्षाच्या पुढं चालत होता, पायानं खडे बाजूला सारत, मोठ्या रस्त्यापर्यंत. मी मागून तुमची पाठ बघत होते. कळा विसरले होते म्हटलं तर खोटं होईल, पण भीती नव्हती.

उज्ज्वला झाली. तुमची जाऊ बाळ बघायला आली आणि “पायगुणाची हाय हो” म्हणाली. तुम्ही माझ्याकडं बघून डोळा मिचकावलात.

एक मात्र तुमचं कायम चुकलं. तुम्ही मला कधी आभार मानू दिले नाहीत. किती वेळा मी जवळ येऊन बसले, “आत्ती, तेव्हा तुम्ही नसता तर...” म्हणून सुरुवात केली. प्रत्येक वेळी तुमचं ठरलेलं, “ऊठ, भाकरी करपतीया.” भाकरी तव्यावर असो वा नसो! मागच्या थंडीत तुम्ही आजारी पडलात, तेव्हाही मी पाय चेपत तेच बोलायला गेले आणि तुम्ही डोळे मिटून पुटपुटलात, “भाकरी...” मी हसले, तुम्हीही हसलात. चूल तर विझलेली होती. ते तसंच राहून गेलं. असं जायचं असतं का हो? आणि जायचंच होतं तर नळ येईपर्यंत तरी थांबायचं! आयुष्यभर पाणी वाहिलंत आणि घरात पाणी यायच्या वर्षी तुम्ही नाहीत. याचा मला तुमच्यावर खरंच राग आहे.

भट्ट्यांचं म्हणाल तर काही पेटल्या, काही कायमच्या गेल्या. तुमच्या लेकाला काम आहे. मामंजी कट्ट्यावरच असतात. आज खणलेल्या चरात वाकून त्यांनी वाळू मुठीत घेतली, दाबली, उघडली. लाडू तसाच राहिला. “बघ, अजून धरतीया,” म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. मी मुकादमाला सांगून ठेवलंय, वाळू फेकू नका, पाइप टाकला की त्याच्यावर हीच लोटा. घागरीनं नाही तर नळानं, पाणी आपल्या दारात तिच्यातूनच येऊ दे.

आणि शेवटचं. समोरच्या घरात नवी सून आलीय, शिरोळची. आज गल्ली अशी जागोजागी उकरलेली, चर, ढिगारे, आणि पोरगी घागर घेऊन त्यावरून उड्या मारत निघाली. “आमी महापुरात वाढलोय, मावशी,” म्हणते. कालच मी तिला उलटी करताना बघितलं होतं.

तिच्या हातातली घागर मी काढून घेतली आणि भरून आणली. तुम्हाला शब्द देते, आत्ती, घराघरात नळ येऊन ही गल्ली परत सपाट होईपर्यंत त्या पोरीच्या डोक्यावर घागर चढू देणार नाही. येत्या आषाढात पहिली घागर उज्ज्वला घेईल आणि ती याच गल्लीतून जाईल, अनवाणी.

घागर दारात ठेवली तर पोरीचे डोळे भरून आले. “मावशी, तुमचे उपकार...” म्हणत ती वाकायला लागली. मी तिला वाकू दिलं नाही.

म्हटलं, “ऊठ, भाकरी करपतीया.”

तुमचीच,
शालन