अपा इसाकना विचारून कळवते

सोम., ३ मार्च. मँचेस्टर
सकाळभर लायब्ररीत. पत्र क्र. ७ पुन्हा काढलं. तळहाताएवढा पपायरस, कॉप्टिक अक्षरं, शाई पार चहासारखी. दीड हजार वर्षांपूर्वीची इजिप्तमधली एक आई लेकीला लिहिते: 'अपा इसाकना विचारते, मग कळवते.' पुढे 'त्यांच्या जागी' जाणार म्हणते. जागा म्हणजे मठ की समाधी? कॉप्टिकमध्ये दोन्हींना शब्द एकच.

अपा म्हणजे बाबा. साधूंना, संतांना तसंच म्हणत. मी दर वेळी 'अप्पा' वाचते. हसू येतं, मग येत नाही.

पण विचारायचं म्हणजे माणूस जिवंत. म्हणजे महंत. म्हणजे मठ! थीसिसचं अख्खं तिसरं प्रकरण या ओळीवर उभं. शुक्रवारी चारपर्यंत हेलनला, माझ्या सुपरवायझरला, द्यायचंय.

मंगळ., ४
ट्रॅममध्ये डोळा लागला. नदी, वाळू, दारात उभी एक बाई, कुणाची तरी वाट बघत... जाग आली तर शेवटचा स्टॉप. शाबास.

बुध., ५
लंडनजवळ स्लाऊला आईला फोन. विचारलं, 'ईस्टरला इकडे येतेस?'
'अप्पांना विचारून सांगते.'
अप्पांना, माझ्या वडिलांना, जाऊन दीड वर्ष झालं. आई रोज चहा घेऊन त्यांच्या फोटोसमोर बसते, विचारते, उत्तर घेऊन उठते. मी नेहमीसारखं 'बरं' म्हटलं. फोन ठेवला.
इसाक गेलेलेच असतील तर?

गुरु., ६
संताच्या थडग्यापाशी चिठ्ठ्या टाकून प्रश्न विचारायचे तिकडे. आपल्याकडे कौल लावतात तसंच. पहिल्या वर्षी मीच टिपणं काढली होती यावर! अक्कल कुठे गेली होती?
हेलनला सांगितलं, आईचंही. 'युअर मदर इज नॉट एव्हिडन्स,' प्रेमानेच म्हणाली. खरंय. पण माझा महंत तरी कुठे होता एव्हिडन्स?
रडले थोडी. प्रकरणासाठी की अप्पांसाठी, देव जाणे.

शुक्र., ७
'मठ' खोडलं. 'समाधी' लिहिलं. तेही खोडलं.
तीनला आईला फोन लावला. पत्राबद्दल सगळं सांगितलं. म्हटलं, 'तू असं लिहिलंस, तर परक्या माणसाला कसं कळावं, अप्पा नाहीत ते?'
'कशाला कळायला हवं?'
मी तिला पत्र पहिल्यापासून वाचून दाखवू लागले.
चार वाजून गेले. मठ की समाधी, ती जागा कोरीच ठेवली; प्रकरण पाठवलेलं नाही.