पुन्हा पान एक्याऐंशी

४ सप्टेंबर, गुरुवार

भाजी पुन्हा करपली! एका हातात डाव, दुसऱ्या हातात कादंबरी – दुसरं काय होणार? वर खारटढोण. मी तर मीठ घातलंच नव्हतं. सासूबाई म्हणतात, त्यांनी एकदाच घातलं. मग काय मिठाला पाय फुटले?

घरात लायब्ररीचं कार्ड एकच, म्हणून पुस्तकही एका वेळी एकच. सकाळी त्या वाचतात, दुपारी मी. त्यांची खूण लाल लोकरीचा धागा, माझी काडेपेटीतली काडी. नियम एवढाच – पुढे असेल तिने मागचीला काही सांगायचं नाही. पुढे नेहमी त्याच! आणि सांगत नाहीत, पण भुवया अशा उडवतात की कोण मरणार ते कळतंच.

लायब्ररीतल्या ताई आज म्हणाल्या, "एक तारखेपासून काउंटरवर बसशील का? अर्धा दिवस." मी दारापर्यंत गेले आणि परत आले. नीट ऐकलं ना, ते विचारायला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

ह्यांना सांगितलं. "आईला झेपेल का?" हा पहिला प्रश्न. म्हणजे भिंगरी शाळेतून आली की तिचं जेवणखाण, गॅस, दार. भिंगरी आमची लेक, सहा वर्षांची, एका जागी बूड टेकत नाही. कोणावर गेलीय ते सगळे सांगतात.

सासूबाई आतून ओरडल्या, "मला काय धाड भरलीय? जाऊ दे तिला. घरात येरझाऱ्या घालून फरशी झिजवलीय तिने."

खरं आहे. कपाटं लावते, पुन्हा काढते, पुन्हा लावते. पुस्तकसुद्धा उभ्यानेच वाचते. हे घर मला आवडतं, पण दुपारी त्याच्या भिंती अंगावर येतात. मला ही नोकरी हवी आहे. हवी म्हणजे हवीच!

७ सप्टेंबर, रविवार

सगळे घरात. दोनच पानं झाली. चिडचिड.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज गंमत झाली – की गंमत नव्हे? कादंबरी रंगात आलेली. समुद्रात वादळ, दीपगृहाच्या राखणदाराची बायको एकटी, आणि मेला म्हणून सोडून दिलेला तिचा थोरला भाऊ दारात उभा! पान शहाण्णव. उलटलं, तर पुन्हा एक्याऐंशी! पुन्हा तेच वादळ, तोच दिवा, तोच भाऊ. बांधणाऱ्याने सोळा पानं दोनदा शिवलीत. मग कुठे सत्त्याण्णव.

लाल धागा मात्र खुशाल एकशे चाळिसाच्या पुढे. आणि ह्या बाईंनी अवाक्षर काढलं नाही! मागे एका पुस्तकाचं अर्धं पान फाटलेलं निघालं तर ऊन डोक्यावर असताना लायब्ररी गाठून त्या ताईंना फैलावर घेऊन आल्या होत्या.

सहज विचारलं, "आई, मधे काही गडबड वाटली का हो?"

"कसली गडबड? छान चाललंय की."

म्हणजे त्या वाचतच नाहीत. दिसत नाहीये त्यांना! नुसता धागा पुढे सरकवतात, आम्हाला कळू नये म्हणून. ते मीठही तसंच. किती पडतंय ते दिसलं नसेल.

१० सप्टेंबर, बुधवार

डोळे दाखवायला चला, हे त्यांना कोणी सांगायचं? हे म्हणतात तू, मी म्हणते तुम्ही. मांजराच्या गळ्यात घंटा!

मला त्यांची काळजी वाटते, पण लिहूनच टाकते – पहिला विचार आला तो नोकरीचा. गॅसजवळ न दिसणारी बाई आणि भिंगरी. कसं जायचं मी? दिवसभर चरफडत होते. आरसे पुसले, स्वच्छ होते तरी.

१३ सप्टेंबर, शनिवार

डोळे ठणठणीत!!

शेवटची बारीक ओळ घडाघडा वाचली. वर भिंतीवरच्या कॅलेंडरचा छापखानाही वाचून दाखवला. डॉक्टर म्हणाले, "ह्या वयात असे डोळे! चष्मा आहे तोच राहू दे." बाहेर पडताना सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. "आंधळी ठरवायला निघाली होती," एवढं ह्यांना म्हणाल्या. म्हणू देत. मी तिथूनच लायब्ररीत गेले आणि ताईंना हो सांगून आले.

मग ती सोळा पानं? गाळली असणार. शेवट आधी बघायची खोड असते एकेकाला. घरी येऊन चिडवलं, "आई, पानं चुकवता ना?" तर डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या! "मी एक ओळसुद्धा सोडत नाही. माझ्या आईने असं वाचायला शिकवलं नाही मला." मला ओशाळल्यासारखं झालं. विश्वास काही बसला नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

नव्या चपला आणल्या. घरातच घालून हिंडले. भिंगरी म्हणाली, "आई, तू टकटक वाजतेस."

२४ सप्टेंबर, बुधवार

सासूबाईंनी भिंगरीचा खाऊचा डबा कालच ठरवून टाकला, काय नि कुठे ठेवायचं ते. आज पुन्हा ठरवला. उत्साह बघा! माझ्याहून त्यांनाच घाई.

२७ सप्टेंबर, शनिवार

भिंगरीने धागा पळवला! बाहुलीला वेणी हवी होती म्हणे. सासूबाईंना विचारलं, कुठवर आला होतात? बराच वेळ पुस्तक चाळलं. मग म्हणाल्या, "ते गं… वादळ सुरू होतं ना, तिथे."

वादळ! धागा तर शेवटाला टेकला होता. पकडली चोरी! म्हटलं, उद्या मीच वाचून दाखवते तिथून. मनात म्हटलं, बघूच आता.

२८ सप्टेंबर, रविवार

त्या मटार सोलत होत्या. मी चक्क बसून वाचलं. वादळ, दिवा, दारावर थाप, थोरला भाऊ. "अगं बाई! हा जिवंत?" शेंग हातातच राहिली. पान उलटलं, पुन्हा एक्याऐंशी. मी मुद्दाम थांबले नाही. आता भडकतील, मग भडकतील. वादळ, दिवा, दारावर थाप.

"अगं बाई! हा जिवंत?"

तोच आवाज. तसेच विस्फारलेले डोळे. खोटं काही नव्हतं त्यात. खरंच एक ओळही सोडली नव्हती त्यांनी. दोन्ही वेळा वाचलं होतं.

चपला खोक्यात ठेवल्या. ताईंना उद्या सांगेन.

"थांबलीस का गं?" म्हणाल्या. "वाच ना पुढे."