जित्या पोरीच्या नावाची आगारी

प्रिय वैशू,

विसरलीस ना? उद्या आखाजी आहे, पंचांगातली अक्षय्य तृतीया! सुरतेहून येताना डबा गाडीत, छत्री फलाटावर, आणि एकदा तर चपला बाकाखाली विसरून अनवाणी घरी आलेली पोर तू. मेल्यावर तुझं डोकं सुधारलं असेल असं मला मुळीच वाटत नाही. म्हणून आठवण करून देते. उद्या पहिल्यांदाच तुझ्या नावाची घागर भरायची आहे. कोरीट, मारुतीच्या मागची गल्ली, निळं दार. चुकून शेजारी जाऊन जेवू नकोस.

मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच. मी आपल्या अहिराणीत बोलते आणि तुझी आई शाळेतल्या मराठीत उतरवून घेते. हो, तुझी आईच, माझी सून! गेल्या आठवड्यापर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. का, ते सांगायलाच तर बसले आहे.

गेल्या आखाजीला तू टांझानियात होतीस आणि बारा दिवस तुझा फोन नव्हता. मी चुलीपुढे आगारी टाकायला बसले. विस्तवावर तूप, पुरणपोळीचा घास, आणि एकेका गेलेल्याचं नाव. सासरे झाले, सासू झाली, तुझे आजोबा झाले. पण बारा दिवस जिभेवर तूच बसलेली. चौथा घास टाकला आणि तोंडातून निघालं, “वैशाली.”

आजोबांच्या घासाचा नुसता धूर झाला होता. तुझा घास भक्कन पेटला. जाळ माझ्या कपाळापर्यंत आला.

तुझी आई मागे पोळ्यांची परात घेऊन उभी होती. ओरडली, “आत्या, हाई काय बोलनात तुम्ही! पोर जित्ती शे मन्ही!”

मी विस्तवात हात घातला, घास काढून घ्यायला. घास नव्हताच गं. जळका तुकडासुद्धा नाही. कुणीतरी उचलून नेल्यासारखी जागा तेवढी रिकामी.

तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला. मी रडत रडत सगळं कबूल केलं, तर तू हसलीस! म्हणालीस, “मोठी माय, मंग काय झायं? जेवन तं भेटनं ना!” मला वाटलं, शिकलेली आहे, थट्टा करते. मीही हसले. दिवाळीला तू घरी आलीस. पौषात तीन दिवसांच्या तापात गेलीस. डॉक्टरांनी तापाचं नाव सांगितलं. तुझ्या आईने माझ्याकडे पाहिलं.

तेराव्याला ती एवढंच म्हणाली, “आत्या, आखाजीले तिनं नाव तुम्ही लेवानं नही.”

मी मान हलवली. दुसरं काय करणार? पण या घरात आगारी थोरल्या बाईनेच टाकायची, आणि ज्याचं नाव घेतलं जात नाही तो उंबऱ्याबाहेर ताटकळत उभा राहतो, असं माझी सासू सांगायची. माझ्या नातीला मी बाहेर उभी ठेवू?

मग मागच्या आठवड्यात विद्यापीठातून तुझं खोकं आलं. वह्या, दोन लुगडी, आणि आवाज भरून घ्यायचं ते यंत्र. तुझ्या अभ्यासाची मी किती टिंगल केली! आफ्रिकेचा अभ्यास म्हणजे नेमकं काय करता, असं विचारलं होतं, तर म्हणालीस, “तिथली माणसं काय पिकवतात, काय विकतात, काय गातात, मेलेल्यांना कसं जेवू घालतात, सगळं एकत्र बघायचं. वेगवेगळं केलं तर कळतच नाही.” मी म्हटलं, “मंग आपली गल्लीमधल्या बाया बी प्रोफेसर शेतस!” गाव सोडून समुद्रापलीकडे गेलीस, आणि बसलीस कुठे? मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांमध्येच! नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवर ऊन नव्हतं का?

तुझ्या आईने यंत्र लावलं. तू आणि तिकडची एक म्हातारी. वहीत तू तिला बीबी लिहिलं आहेस, तिकडे आजीला म्हणतात तसं. तिच्या बोलण्याचा अर्थ वहीत मराठीत आहे. तुझी आई वाचत गेली, मी ऐकत गेले. बीबी निखाऱ्यावर धूप टाकते आणि आपल्या मेलेल्यांची नावं घेते. तिने विचारलं, तुमच्याकडे काय करता? तू माझी चूक सांगितलीस. नाक मुरडलं मी त्यावर! जगभर माझी बदनामी!

पण बीबी हसली नाही. तिने विचारलं, कोणत्या दिवशी? यंत्रात एक कोंबडी ओरडली. नंतर तू त्यांची भाषा सोडून आपल्या भाषेत बोललीस, कुणाशी ते देव जाणे.

“त्या दिन मी बजारमा बसेल व्हतू. मांगून हाक उनी, वैशाली. मोठी मायना आवाज. वळीसन दखं तं कोनीच नही. सकायपाईन काही खायेल नव्हतं, तरी पोट भरेल. तोंडमा पुरननी चव.”

फोनवर हे का नाही सांगितलंस? दिवाळीत माझ्याजवळ बसून मटार सोलत होतीस, तेव्हा तरी? मी घाबरेन म्हणून? की तूच घाबरली होतीस?

मग तेच तू बीबीला तिच्या भाषेत सांगितलंस, आणि तिचं उत्तर वहीत आहे. नाव पोहोचलं म्हणजे वाट उघडली आहे, आता तुझ्याकडूनही काही जाऊ दे, आजीचं नाव काय? तू सांगितलंस. यंत्रात निखारा तडतडला आणि ती परकी बाई सावकाश म्हणाली, सोनाबाई. तीनदा.

तुझ्या आईने वही मिटली. मग म्हणाली, “आत्या, आगारी तुम्हीच टाका. तिले दुसरा आवाज वळखू येवाव नही.”

एवढ्याने मी सुटले असं समजू नकोस. वाट उघडली, पण ती उघडली कुणी, वैशू? मीच ना? त्याच वाटेने तू गेलीस का? तुझ्या आईने सगळ्या वह्या चाळल्या. हे कुठेच लिहिलेलं नाही. हे लिहिताना ती थांबली आहे, पण मला गप्प बस म्हणाली नाही.

वचन देते. उद्या चौथा घास तुझाच. पूर्ण नाव, खणखणीत आवाजात. आणि यापुढे चुलीपुढे बसण्याआधी घरातली जिती माणसं समोर उभी करून, डोळे भरून बघून घेईन, म्हणजे त्यांच्यातलं कुणी जिभेवर येणार नाही.

आता एक, जे तुझ्या आईलाही आत्ताच कळतं आहे. यंत्र ऐकलं त्या दिवसापासून दुपारी मला भूक लागत नाही. ताट तसंच परत जातं. तोंडात मक्याच्या पिठाच्या घट्ट गोळ्याची चव असते, आपल्याकडे कुणी करत नाही, पण बीबीकडे रोज शिजतो असं वहीत आहे, तसल्या. पाठवतेस ते पाठव, मी नको म्हणत नाही. पण फार अळणी आहे गं! मीठ घालून पाठव, आणि बरोबर लाल मिरचीची चटणी, लसूण जास्त घातलेली.

तुझी मोठी माय,
सोनाबाई
(अंगठा माझा, अक्षर तुझ्या आईचं)