रुमालाखाली घेतलेली गाडी

आबा, तुमच्या त्या गाडीइतकी मूर्ख खरेदी सणसरमध्ये त्याआधी झाली नव्हती आणि नंतरही कुणी केली नाही. नव्वदच्या दशकातले ते दिवस. लोक ट्रॅक्टर घेत होते, फारच हौस असली तर जीप. तुम्ही घेतलीत तीस वर्षं जुनी, दोनच माणसांची, टप काढता येणारी लाल विलायती स्पोर्ट्स कार. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणालात, "बैलं इकल्यापासनं गोठा मोकळा दिसतोय." हौसेला मोल नसतं म्हणतात. तुमच्या हौसेला अक्कलही नव्हती.

गाडी विकणारे पुण्याच्या कॅम्पातले ते म्हातारे गृहस्थ मला अजून आठवतात. त्यांना तुमचं मराठी कळेना आणि तुम्हाला त्यांचं इंग्रजी, म्हणून मध्ये मी. तुम्ही गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्यात, बॉनेटवर थाप मारलीत, मागच्या चाकापाशी उकिडवे बसून खुराकडं बघावं तसं बघत राहिलात. मी खालचा गंजलेला पत्रा दाखवला, तर म्हणालात, "पुस्तकं वाचलीस तू, जनावराची नजर न्हाय तुला. हे खानदानी हाय." आणि मग तुम्ही खांद्यावरचा रुमाल काढलात. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इंदापूरच्या बैलबाजारात करतात तसा रुमाल त्यांच्या हातावर टाकून तुम्ही खालून त्यांची बोटं दाबलीत. बाजारात जितकी बोटं तितका भाव, हे त्या बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांना वाटलं, गावाकडची माणसं असाच हात मिळवत असतील. त्यांनी प्रेमानं तुमचा सगळा पंजा दाबला. "पाच म्हणत्यात," तुम्ही मला सांगितलंत, "झाला सौदा." ते चारात द्यायला तयार होते, हे त्यांनी मला फाटकात निरोप देताना सांगितलं. तुम्हाला ते सांगितलं तर तुम्ही माझ्यावरच भडकलात, कारण रुमालाखाली ठरलेला भाव मोडायचा नसतो.

एवढ्यावर भागलं नाही. आत बसल्यावर फेटा टपाला घासायला लागला. दुसऱ्या कुणीही फेटा काढून मांडीवर ठेवला असता. तुम्ही टप काढायला लावलात आणि तो त्यांच्याच अंगणात सोडून दिलात. ते गृहस्थ मागं धावत आले, पावसाचं काहीतरी सांगत होते. "त्यास्नी सांग, आमच्या इंदापुरात पाऊस हाय कुठं?" पाऊस नव्हता, पण कारखान्याची काजळी होती. रोज सकाळी गाडीच्या सीटवर काळा थर बसलेला असायचा आणि तुम्ही तो धोतराच्या सोग्यानं पुसायचात. उसाच्या ट्रॉल्यांमागून तुम्ही फेट्याचा तुरा उडवत काटेवाडीपर्यंत जाऊन यायचात, कामाशिवाय. गाडी इतकी बसकी की रस्त्यातलं कुत्रं तुमच्या डोळ्याला डोळा लावून बघायचं. लोक हसायचे. तुम्हाला वाटायचं, कौतुक करतायत.

मी तेव्हा बारामतीच्या कॉलेजात नुकताच शिकवायला लागलो होतो. लग्नही तिथलंच ठरलं, शिकलेल्या घरातलं. त्या लोकांसमोर तुम्ही कसे दिसाल या धास्तीनं मला महिनाभर जेवण गोड लागलं नाही. हात जोडून सांगितलं, सगळ्यांबरोबर टेम्पोतनं या. तुम्ही ऐकलं नाहीत. "नवरदेवाचा बाप हाय मी. माझ्या गाडीतनंच येणार." आदल्या दिवशी मिस्त्रींना बोलावून घेतलंत. मिस्त्री म्हणजे तुमचे तालमीतले जोडीदार, बारामतीत गॅरेज टाकलेले. त्यांनी दिवसभर खपून गाडी घड्याळासारखी चालती केली आणि एक पैसा घेतला नाही.

लग्नादिवशी सकाळी तुम्ही फेटा बांधून बसलात आणि गाडी सुरू होईना. बॅटरी मरेपर्यंत तुम्ही खटपट केलीत. सारी आळी बघत होती. शेवटी तुम्ही टेम्पोत बायकांच्या मागं बसून आलात, फेटा चेपलेला. मांडवात सासऱ्यांनी हात पुढं केला तर म्हणालात, "गाडी हाय आमच्याकडं. आज रुसलीया." दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी येऊन इंजिन उघडलं आणि सांगितलं, "आबा, ह्यातला एक तुकडा गायब हाय. रोटर. त्याबिगर ठिणगी पडत न्हाय."

"परवा तूच उघडली हुतीस."

"म्या न्हाय नेला."

"मग काय वाऱ्यानं नेला व्हय?"

तो मी नेला होता. लग्नाच्या सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा, आदल्या दिवशी मिस्त्रींना बघितलं होतं तसं, इंजिनातलं टोपण काढून अंगठ्याएवढा तो काळा तुकडा खिशात टाकला. संध्याकाळी परत बसवणार होतो. पण घरी आल्यावर तुम्ही सारखे त्या गाडीपाशी, आणि मग मिस्त्रींवर आळ आलेला. मी दारात उभा राहून ते सगळं ऐकलं आणि त्याच दुपारी कालव्याच्या पुलावर जाऊन तो तुकडा पाण्यात टाकला. तसला रोटर तुम्हाला पुण्यामुंबईत कुठंही मिळाला नाही. तुम्ही मिस्त्रींशी बोलणं सोडलंत ते मरेपर्यंत. तुमच्या मातीला ते आले होते, बाभळीपाशी लांब उभे राहिले. पुढं या म्हणून त्यांना मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

इतकी वर्षं मी ही गाडीची गोष्ट चारचौघांत रंगवून सांगतो. रुमालापाशी लोक हसून लोळतात. टेम्पोपाशी मी थांबतो.

गेल्या महिन्यात मी मिस्त्रींच्या गॅरेजवर गेलो होतो. ते आता खुर्चीवर बसून असतात, काम पोरं करतात. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "तुझ्या बापाला म्या कदी चोरून काय नेलं न्हाय रं. पर त्याला पटलं न्हाय." मी मान हलवली, चहा प्यायलो आणि टायरमध्ये हवा भरून घेऊन निघालो. हवा कमी नव्हती.

हे पत्र खरं तर त्यांच्या हातात द्यायला हवं. ते अजून वाचू शकतात, म्हणूनच तुम्हाला लिहिलं.